प्लेट कुणी जाळली?

आमच्या पाटण खोऱ्यात वडापच्या जीपची क्लच प्लेट जळली, की ती ड्रायव्हरनं जाळली हे ठरलेलंच असतं. चौकशी नाही, विचारपूस नाही. मालक गॅरेजमधूनच फोन लावतो, शिव्या घालतो आणि पगारातून पैसे कापायचं सांगून मोकळा होतो. मी शेती सांभाळून बारा वर्षं दुसऱ्याची जीप चालवली, पुढं स्वतःची घेतली. दोन्ही बाजू बघितल्यात, म्हणून बोलायचा अधिकार आहे असं समजतो. ही पगार कापायची रीत अन्यायाची आहे, आणि ती अडाणीपणावर उभी आहे.

आधी क्लच म्हणजे काय ते बघू. मी दहावी शिकलेला माणूस. मला कळतं ते कुणालाही कळेल. इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्यावर क्लच प्लेट, आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पॅडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढं सरकतं, दाब सुटतो आणि इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होतं. पाय सोडला की पुन्हा घट्ट. आता दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबून बघा, काही होत नाही. तेच एकमेकांवर घासा, चटका बसतो. प्लेटचं असंच आहे. पूर्ण धरलेली जळत नाही, पूर्ण सुटलेली जळत नाही. अर्धवट धरलेली घासते आणि घासलेली जळते.

मग ती अर्धवट कोण धरतो? ड्रायव्हर, असं मालक म्हणणार. कबूल. पॅडलवर पाय ठेवून गाडी चालवायची खोड पुष्कळांना असते आणि ती वाईटच आहे. पण कुंभार्ली घाटात पुढं ट्रक अडकलाय, गाडी चढाला थांबलीय, आत माणसं भरलीत. अशा वेळी हँडब्रेक ओढायचा आणि पुढची गाडी हलली की क्लच हळू सोडत हँडब्रेक सोडायचा, ही खरी रीत. पण त्या जीपचा हँडब्रेक दोन वर्षांपासून लागतच नसेल तर पोरानं काय करायचं? मागच्या गाडीवर जाऊ नये म्हणून तो अर्ध्या क्लचवरच गाडी तोलून धरणार. हँडब्रेकची केबल मालकानं बदलली नाही. वाचवलेले पैसे त्यानं प्लेटमध्ये जाळले, आणि बिल लावलं पोराला.

वर नऊच्या जागी चौदा माणसं भरायला कोण सांगतं? बाजाराच्या दिवशी टपावर पोती कोण चढवायला लावतं? तेवढं ओझं घेऊन चढाला गाडी हलवायची तर प्लेट जास्त वेळ घासणारच.

शेजारच्या गावातली गोष्ट सांगतो. एका मालकानं अशाच कारणानं पोराचा पगार कापला. गिअरबॉक्स खाली उतरवला तेव्हा योगायोगानं मी गॅरेजला होतो. प्लेटच्या घरात सगळीकडं काळं तेल. इंजिनाचं मागचं ऑइल सील गळत होतं, तेल प्लेटवर येत होतं. तेलकट प्लेट धरत नाही, घसरते आणि मग करपते. यात पोराच्या पायाचा काय दोष? मेस्त्रीला सगळं दिसत होतं, पण गिऱ्हाईक मालक होता, तो गप्प राहिला. मी बोललो, तर मालक म्हणाला, "आप्पा, तुमचं काय जातंय?" माझं काही जात नव्हतं. जात होतं त्या पोराच्या घरचं, आणि त्याच्या घरात शाळेला जाणारी दोन लेकरं होती. पुढं तो जीप सोडून मुंबईला गेला.

मालक म्हणतात, "आम्हाला गाडीतलं काय कळतंय?" काय कळायचंय त्यात? पॅडल हातानं हळूच दाबून बघा. सुरुवातीला थोडं मोकळं खाली गेलं पाहिजे, मग जड लागलं पाहिजे. केबलच्या गाड्यांत हा मोकळा प्ले साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतो. आपल्या गाडीचा नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. प्लेट झिजते तसा प्ले कमी होतो. तो संपला की पाय नसतानाही बेअरिंग दाबलेलं राहतं, प्लेट घसरते आणि आणखी झिजते. प्ले फार वाढला तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर टाकताना करकर होते. तेलावर चालणाऱ्या क्लचला ब्रेकच्या तेलाची डबी असते, तिची पातळी बघा. पातळी सारखी उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे.

क्लच धरतोय का हे सपाट जागेवर समजतं. पुढं कुणी उभं नको. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, किंचित रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला. घुमत राहिलं तर प्लेट घसरतेय, पाय लगेच दाबा. हे एकदाच करायचं. पुन्हा पुन्हा कराल तर चांगली प्लेटही जाळाल.

कानही लावा. पॅडल दाबल्यावर आवाज येतो, तर बहुधा रिलीज बेअरिंग. न्यूट्रलला पाय वर असताना येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सचं बेअरिंग बघायला सांगा. गिअरबॉक्सच्या बाजूचा बोल्ट उघडून ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आहे का, ते बोट घालून कळतं. गाडी मात्र सपाट हवी. ऑइल पुस्तकात लिहिलंय त्याच प्रतीचं घाला, दुकानदार देईल ते नको. सोडलेल्या ऑइलात बारीक राखाडी गाळ असला तर चालतो. लोखंडाचे तुकडे आले तर गाडी तिथंच थांबवा. आणि एकदा गिअरबॉक्स उतरवलाच, तर नुसती प्लेट टाकू नका. प्रेशर प्लेट, बेअरिंग, सील सगळं बघून घ्या, उतरवायची मजुरी तीच लागते.

आणखी एक. डिझेल वाचव म्हणून घाटात न्यूट्रल करून उतरायला सांगणारे मालकही मला माहीत आहेत. हा तर माणसं मारायचा धंदा आहे. गिअरमध्ये इंजिन गाडी ओढून धरतं. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. त्यात आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये रेस सोडून उतरताना इंजिनाला डिझेल जवळजवळ देतच नाहीत. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही.

आपण बेंदराच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळणारी माणसं. जू कुठं काचतंय हे आपल्याला हात लावून कळत होतं. बैलाचा खांदा सुजला तर आधी जू बघायचे, ओझं बघायचे. एकट्या गाडीवानाला कुणी धरत नव्हतं. तीच माणसं आज दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि वर्षभर खाली वाकून बघत नाहीत.

तेव्हा मालकांनो, पोराच्या पगाराला हात लावायच्या आधी एवढं सांगा. हँडब्रेक लागत होता का? माणसं किती भरली होती? प्ले शेवटचा कधी बघितला? उतरवलेली प्लेट तेलकट होती की कोरडी, हे तुम्ही स्वतः बघितलं का? याची उत्तरं नसतील तर बिल तुमचं तुम्ही भरा.