कार्ड यंत्राने मांडावे, शब्द आपला असावा



ऊस, डाळिंब, पेरू यांच्याविषयी आपण वरचेवर बोलतो. आज विषय थोडा निराळा आहे. घरचा माल विकणाऱ्याने खिशात किंवा पिशवीत ठेवावे असे एक व्हिजिटिंग कार्ड, आणि ते मोबाईलमधल्या एआयकडून कसे करून घ्यावे, याचा.

कुणी म्हणेल, कार्ड वकील-डॉक्टरांना, आपल्याला कशाला? पण आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतच पाहा. निमगाव केतकीचे पानमळे आहेत, भिगवणची मासळी आहे, उजनीच्या फुगवट्यावर पक्षी दाखवणारे कुंभारगावचे नाववाले आहेत. शेवया, कुरडया, काळा मसाला करणारे महिला बचत गट तर गावोगाव आहेत. बारामतीच्या 'कृषिक' प्रदर्शनात किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेत शहरातले गिऱ्हाईक अर्धा किलो शेवया घेऊन जाते. महिन्याने पुन्हा हव्याशा वाटल्या, तर ते कोणाला विचारणार? पिशवी केव्हाच टाकून दिलेली असते. कार्ड असेल तर गिऱ्हाईक थेट आपल्या घरी फोन करते, आणि मधल्या माणसाचा वाटा घरात राहतो.

एआय हा शब्द आपल्याकडे आता नवा नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसात त्याचा प्रयोग केला, आणि २०२४ पासून त्याची चर्चा पारावरही होते. उसात हे तंत्र हवामान, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाची चित्रे पाहून सल्ला देते. चॅटजीपीटी, जेमिनी, कॅनव्हा यांसारखी साधने आधी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून व मजकुरावरून नवे चित्र मांडून देतात. काही मर्यादेपर्यंत ती फुकट वापरता येतात. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. यंत्र अंदाज करते. पाणी सोडायचे की नाही आणि कार्डावर काय छापायचे, हे मालकाने ठरवायचे असते.

आधी कागदावर मजकूर लिहा

मोबाईल हाती घेण्यापूर्वी वहीच्या पानावर पाच गोष्टी लिहा : व्यवसायाचे नाव, माल, करणाऱ्याचे नाव, फोन नंबर आणि पत्ता. पत्त्यात मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिन कोड हवा. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत मोठा छापावा, म्हणजे परप्रांतीय गिऱ्हाइकालाही वाचता येईल.

करणाऱ्याच्या नावापाशी मात्र थोडे थांबा. पहाटे उठून गहू भिजवणारी, चीक काढणारी, भर उन्हात कुरडया घालणारी घरची बाई. आणि कार्डावर नाव व नंबर घरधन्याचा, अशी कार्डे माझ्या हाती अनेकदा आली आहेत. गिऱ्हाईक विचारते, "यात मीठ किती? किती दिवस टिकतील?" घरधनी म्हणतो, "थांबा, घरात विचारून सांगतो." माल जिने केला, तिचेच नाव आणि तिचाच नंबर कार्डावर असावा. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर किंवा प्रदर्शनात गाळा मागताना धंदा कोणाचा, हे त्या नावावरूनही कळते. एवढी गोष्ट यंत्र आपल्याला सुचवणार नाही. ती घरातच बसून ठरवावी लागेल.

यंत्राला काय सांगावे

"सुंदर कार्ड करून दे" एवढ्याने भागत नाही. गवंड्याला सांगतो तसे मापासकट सांगावे. मराठीत बोलून किंवा लिहून सांगितले तरी चालते. उदाहरणार्थ : "घरगुती शेवया, कुरडई आणि काळ्या मसाल्याच्या व्यवसायासाठी साडेतीन इंच रुंद आणि दोन इंच उंच कार्डाचे चित्र कर. रंग फिकट पिवळा. डाव्या कोपऱ्यात शेवयांचे लहान चित्र. उजवी बाजू मजकुरासाठी मोकळी ठेव. चित्रात एकही अक्षर घालू नकोस."

शेवटचे वाक्य विसरू नका. चित्र काढणारे यंत्र देवनागरी अक्षरेसुद्धा चित्रासारखी रेखाटते. त्यामुळे जोडाक्षर फुटते, वेलांटी भलतीकडे जाते, मात्रा गळते. चित्र यंत्राकडून घ्यावे आणि अक्षरे त्यावर आपण टाईप करावीत, हा सोपा मार्ग.

मजकूरही यंत्राकडून घेतला, तर तो डोळ्यांत तेल घालून वाचावा. यंत्राने हिंदी पुष्कळ वाचलेली असते, म्हणून मराठीत हिंदी मिसळते. 'काळा मसाला'चा 'काला मसाला' होतो, 'गूळ'चा 'गुड' होतो, 'इंदापूर'चे 'इंदापुर' होते. 'ळ' आणि ऱ्हस्व-दीर्घ यांकडे विशेष लक्ष द्या. घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याला मोठ्याने वाचायला लावा.

खोटे कौतुक नको

यंत्राला कौतुक करायची भारी हौस. न सांगता ते 'शंभर टक्के सेंद्रिय', 'मधुमेहावर गुणकारी', 'सरकारमान्य' असे शब्द घालते. वाचायला बरे वाटते, पण कार्डाखाली नाव तुमचे असते. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ५३ प्रमाणे खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सेंद्रियचे प्रमाणपत्र हाती असेल तरच 'प्रमाणित सेंद्रिय' लिहावे. अन्न नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक असेल तर तो जरूर छापावा. कौतुकाच्या दहा शब्दांपेक्षा त्याला वजन आहे. फळझाडांची रोपवाटिका असेल तर परवाना क्रमांक छापावा.

चित्राचेही तसेच. भिगवणकडे हिवाळ्यात येणारा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, अंगाने पांढरट आणि पंखांत गुलाबी असतो. अमेरिकेतला रोहित सगळाच गडद गुलाबी, आणि यंत्र बहुधा तोच काढते. पक्षी पाहायला येणारा माणूस जाणकार असतो, त्याला ते पाहताच कळते. डाळिंबाचेही चित्र आपल्या मालाहून लालभडक असले, तर पेटी उघडताच गिऱ्हाईक खट्टू होते. अशा ठिकाणी आपल्याच बागेतला, आपल्याच नावेतून घेतलेला फोटो द्यावा.

छापखान्यात जाताना

तालुक्याच्या छापखान्यांत पुष्कळ ठिकाणी अजून श्री-लिपीसारखे जुने फाँट वापरतात. मोबाईलवरची मराठी युनिकोडमध्ये असते. एकीकडची अक्षरे दुसरीकडे नुसती उचलून टाकली की मजकुराचा काला होतो. म्हणून तयार कार्डाची पीडीएफ न्यावी. कडेपासून एक अष्टमांश इंच आत मजकूर ठेवावा, नाहीतर कापताना अक्षर जाते. मोबाईलच्या काचेवर चमकणारा हिरवा रंग कागदावर मळका उतरतो, तेव्हा फिकट रंगावर काळी अक्षरे बरी.

पैशासाठी क्यूआर छापायचा असल्यास तो बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमधूनच घ्यावा. यंत्राने काढलेला क्यूआर दिसतो खरा, पण तो नुसती नक्षी असतो. आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी यांतले काहीही त्या साधनाला देऊ नये.

प्रूफ हाती आल्यावर तीन कामे करा. छापलेला नंबर पाहून दुसऱ्या मोबाईलवरून फोन लावा. तो आपल्याच घरात वाजला पाहिजे. क्यूआरवर एक रुपया पाठवून तो आपल्याच खात्यात येतो का, हे पाहा. मग कार्ड शेजारच्या घरी द्या आणि काय समजले ते विचारा. एक आकडा चुकला तर हजार कार्डे रद्दीत जातात आणि गिऱ्हाईक भलत्याच घरी फोन करते. म्हणून पहिल्या खेपेस शंभरच छापावीत. ती वाटून संपली, फोन येऊ लागले, की हजारांची ऑर्डर खुशाल द्या.