इतिहासाचा पदवीधर आणि मूळ कागद

इतिहास हा प्रमुख विषय घेतलेला विद्यार्थी एकही मूळ कागद न वाचता पदवीधर होऊ शकतो, ही बाब चिंतनीय आहे. साधनांवाचून इतिहास नाही, या जाणिवेतून वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. पदवीच्या वर्गात मात्र मोडी वाचन बहुधा परिघावरच राहिले आहे.

सभासदाची बखर मराठीच्या वर्गात गद्यशैलीचा नमुना ठरते आणि इतिहासाच्या वर्गात साधन. बखरकार कोठे वृत्तांत सांगतो व कोठे गौरव करतो, हे या दोन्ही दृष्टी एकत्र आल्याखेरीज उमगत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रमुख विषयाच्या जोडीला गौण विषयाची सोय आहे. तिचा लाभ घेऊन इतिहासाच्या विद्यार्थ्याला मराठीची जोड द्यावी आणि निदान एक बखर व एक मोडी पत्र त्याच्याकडून मुळातून वाचून घ्यावे. ऐतिहासिक वाद चव्हाट्यावर येतात, तेव्हा शांतपणे पुरावा मागणारा पदवीधर समाजाला हवा असतो. तो घडविण्याची जबाबदारी दोन्ही विभागांना टाळता येणार नाही.