विधेयकाचा खोडवा



मंचरच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने उभे राहून विचारले, "भावाच्या हक्काचे विधेयक लोकसभेत मांडले म्हणून आपण गावोगाव सांगत फिरलो. मग पुढे त्याचे झाले काय?" व्यासपीठावर आम्ही चौघे होतो. चौघांनीही एकमेकांकडे पाहिले. शेवटी मीच म्हणालो, "सरकारने होऊ दिले नाही." टाळ्या पडल्या, बैठक पुढे गेली. पण ते उत्तर अर्धे होते, हे मला बोलतानाच कळत होते. राहिलेले अर्धे उत्तर सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

ऑल इंडिया किसान संघर्ष समन्वय समितीने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीला किसान मुक्ती संसद भरवली. तिथे ठरलेल्या दोन कायद्यांची विधेयके त्या वेळचे हातकणंगल्याचे खासदार राजू शेट्टी यांनी ३ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेत मांडली. एक शेतकऱ्याला कर्जबाजारीपणातून मुक्त करण्याचे, दुसरे शेतमालाला किफायतशीर किमान भाव मिळण्याचा हक्क देणारे. दुसऱ्याच्या नावातच 'शेतमाल' असा सरसकट शब्द होता. आपल्या दोन तालुक्यांना याचे महत्त्व वेगळे समजवायला नको. केंद्र सरकार ज्या बावीस पिकांचे हमीभाव जाहीर करते त्यात आळेफाट्याचा कांदा नाही, नारायणगावचा टोमॅटो नाही, सातगाव पठारचा बटाटाही नाही.

मंत्री नसलेल्या सभासदाने मांडलेल्या विधेयकाला अशासकीय विधेयक म्हणतात. लोकसभेत त्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास असतात, आणि तेही एका आठवड्याला विधेयके तर दुसऱ्या आठवड्याला ठराव असे वाटून. कुणाचे विधेयक आधी घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. त्यातच शुक्रवारी दुपारी खासदार मंडळी गाडी-विमान पकडायच्या घाईत असतात. पहिल्या लोकसभेपासून आजवर अशी चौदाच विधेयके कायदा झाली. शेवटचे १९७० साली. त्यानंतर एकही नाही.

आता अधिवेशन संपते तेव्हा काय होते ते पाहू. आपल्यातले पुष्कळजण समजतात की अधिवेशन संपले की विधेयक मेले. तसे नाही. राज्यघटनेच्या कलम १०७(३) प्रमाणे संसदेत प्रलंबित असलेले विधेयक केवळ सत्रसमाप्तीमुळे रद्द होत नाही. राज्याच्या विधिमंडळासाठी हेच कलम १९६(३) मध्ये आहे. सरकारी असो की अशासकीय, नियम एकच. बाकीच्या बहुतेक सूचना सत्रसमाप्तीला संपतात आणि नव्याने द्याव्या लागतात. मांडलेले विधेयक मात्र नोंदवहीत तसेच राहते. उसाची तोड झाली तरी बुडखा जमिनीत जिवंत असतो आणि फुटवे धरतो, तसा हा खोडवा आहे. पण खोडवा आपोआप चांगला येत नाही. बुडखे छाटावे लागतात, नांग्या भराव्या लागतात, खत-पाणी वेळेवर द्यावे लागते. तोड झाली म्हणून शेताकडे फिरकलेच नाही, तर त्याला खोडवा राखणे म्हणत नाहीत.

ज्यांच्याकडून आपण ही संसदेची पद्धत घेतली त्या ब्रिटनमध्ये गंमत वेगळीच आहे. तिथे पार्लमेंटचे अधिवेशन संपले की सभासदाचे स्वतःचे विधेयक संपते, ते पुढे नेताच येत नाही. पण एखादी कंपनी, महापालिका किंवा संस्था स्वतःच्या कामापुरता जो खास कायदा मागते, त्याचे विधेयक मात्र ठराव करून पुढच्या अधिवेशनात नेता येते. मुंबई-ठाणे गाडी ज्या कंपनीने धाववली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ साली अशाच खास कायद्याने उभी राहिली. म्हणजे कंपनीने विधेयकावर खर्च केलेला पैसा वाया जाऊ नये याची काळजी तिथे आहे, सभासदाच्या वर्षभराच्या मेहनतीची नाही. आपल्या घटनाकारांनी हा भेद ठेवला नाही, हे त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत.

मग आपली विधेयके मेली कुठे? ती मेली २५ मे २०१९ रोजी, सोळावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा. अधिवेशने बदलली तरी विधेयक टिकते, सभागृह बदलले की टिकत नाही. लोकसभेतले प्रलंबित विधेयक विसर्जनाबरोबर रद्द होते; तिथे बुडखाच उपटला जातो. आणखी एक वाट आहे. अशासकीय विधेयक मांडणारा सभासद निवृत्त झाला, पडला किंवा मंत्री झाला, तरी विधेयक नोंदवहीतून निघते. पक्ष तोच, मागणी तीच, पण नाव त्या सभासदाचे, म्हणून आयुष्यही त्याच्याएवढेच.

मी शेतकी कॉलेजातून बाहेर पडलो, काही वर्षे शेतकऱ्यांना लागवडीचे वेळापत्रक सांगत फिरलो. ऑगस्टच्या सुरुवातीला लावलेला आडसाली ऊस पुढच्या मे महिन्यात कुणी तोडायला काढतो का? त्याला सोळा ते अठरा महिने लागतात. आणि आपण मात्र ३ ऑगस्टला विधेयक मांडून पेढे वाटले, तेव्हा लोकसभेला दहा महिनेही उरले नव्हते. १० ऑगस्टला ते अधिवेशन संपले. पुढे डिसेंबर-जानेवारीतले हिवाळी अधिवेशन आणि फेब्रुवारीतले थोडे दिवस. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच शुक्रवार. विधेयक दोन वेळा अधिवेशन ओलांडून पुढे गेलेही. पण आम्हा कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी त्या चार-सहा महिन्यांत आपल्या खासदाराला विचारले की चिठ्ठी कधी निघणार, तुम्ही त्या शुक्रवारी सभागृहात असणार का? मी विचारले नाही. म्हणून म्हणतो, "सरकारने होऊ दिले नाही" हे अर्धेच उत्तर आहे.

सरकारला घाई असली की काय होते तेही आपण पाहिले आहे. २०२० च्या कृषी कायद्यांपैकी बाजार आणि करार शेतीची दोन विधेयके १४ सप्टेंबरला मांडली गेली आणि २० सप्टेंबरला दोन्ही सभागृहांतून बाहेर पडली. ते कायदे हवे होते की नको, यावर आपल्याच घरात दोन मते होती, आजही आहेत. पण मागे घेण्याचे विधेयकही २९ नोव्हेंबर २०२१ रोजी एका दिवसात दोन्हीकडे मंजूर झाले, तेही चर्चेशिवाय. यायला सहा दिवस, जायला एक दिवस. शेतकऱ्याच्या बाजूने सभासदाने मांडलेल्या विधेयकाला मात्र शुक्रवारची चिठ्ठी.

हे आजचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तेही अशासकीयच, कारण ते विरोधी बाकावर होते. फक्त मांडून ते थांबले नाहीत. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. तरीही विधेयक मंजूर झाले नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, गव्हर्नरचा कारभार आला आणि तो विषय सभागृहातून उठला. खोती नष्ट करणारा कायदा झाला १९४९ साली, सरकारने आणलेल्या विधेयकाने. विधेयक मेले, पण मागणी मेली नाही, कारण ती कुळांच्या घराघरात पोचली होती. मधली बारा वर्षे मात्र कुळांनी खोताला वाटा घातला, तो कुणी परत दिला नाही.

तेव्हा पुढचे ठरवताना तारीख बघून ठरवू. अठरावी लोकसभा २४ जून २०२४ रोजी पहिल्यांदा बसली. मुदत पुरी झाली तर २०२९ च्या जूनपर्यंत. शेवटच्या वर्षात कुणी खासदार आपल्या सभेत येऊन "मी विधेयक मांडले आहे" म्हणाला, तर हार घालण्याआधी त्याला विचारा की इतकी वर्षे काय केले. चर्चा सुरू होऊन अपुरी राहिलेले विधेयक पुढच्या वेळी सगळ्यांच्या आधी घ्यावे लागते. म्हणजे मांडण्यापेक्षा एकदा चर्चेला उभे करणे मोलाचे. एकाच मागणीचे विधेयक अनेक खासदारांनी आपापल्या नावाने दिले, तर चिठ्ठी निघण्याची शक्यता वाढते आणि एक पडला म्हणून सगळे संपत नाही.

दुसरा रस्ता वरच्या सभागृहाचा. राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेने अजून मंजूर न केलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी जिवंत राहते. आपल्या राज्यात विधान परिषदेला हीच सोय आहे, आणि शेती व बाजार हे तर राज्याच्याच यादीतले विषय. ज्याची सहा वर्षांची मुदत नुकतीच सुरू झाली आहे असा सभासद गाठला पाहिजे. पैशाच्या विधेयकाला हा रस्ता बंद असतो, त्यामुळे कर्जमुक्तीचे तिथून जमणे कठीण. त्याला तिजोरीतून खर्च होणार म्हणून राष्ट्रपती किंवा राज्यपालांची शिफारसही लागेल. भावाच्या हक्काचे विधेयक वेगळे काढून नीट लिहिले तर जमू शकेल. दोन्ही एका दोरीला बांधण्याचा हट्ट आपण सोडावा असे माझे मत आहे. ते सगळ्यांना पटणार नाही.

नारायणगावच्या पुढच्या बैठकीला हाच विषय ठेवला आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या प्रत्येक गावातून एकाने तरी येताना आपल्या मागच्या हंगामाच्या कांदा, टोमॅटो, बटाट्याच्या पट्ट्या आणाव्यात. विधेयकाबरोबर सभासदाच्या हातात द्यायला त्या लागतील. ज्या तरुणाने मंचरला प्रश्न विचारला होता, त्यालाच बैठकीचे टिपण ठेवायला सांगितले आहे.