स्किझोफ्रेनिया : प्रोटीन पावडर गोळीची जागा घेईल का?

स्किझोफ्रेनियाचा अमिनो आम्लांशी संबंध आहे; मग प्रोटीन पावडर घेऊन गोळ्या सोडता येतील का? थेट उत्तर : नाही.

संबंध काय?
प्रथिनांतून मिळणाऱ्या टायरोसिनपासून मेंदू डोपामाइन तयार करतो. भास आणि संशय यांचा संबंध त्याच्या अतिरेकाशी जोडला जातो. १९५०च्या दशकापासूनची बहुतेक औषधे त्यालाच आवर घालतात. ग्लुटामेट हेही अमिनो आम्लच. त्याचा ‘एनएमडीए’ रिसेप्टर मंदावल्याने विचारशक्तीवर परिणाम होतो, असे शास्त्रज्ञ मानतात. हा रिसेप्टर उघडण्यासाठी ग्लायसिन किंवा डी-सेरीनची जोड लागते.

मग ग्लायसिन वाढवले तर?
मेंदूत तेच करणारे ‘आयक्लेपर्टिन’ हे औषध जानेवारी २०२५मध्ये अंतिम टप्प्यातील चाचण्यांत अपयशी ठरले. नेमके औषध जिथे कमी पडले, तिथे डब्यातल्या पावडरीवर भिस्त कशी ठेवणार?

पालीतील कुटुंबांनी काय करावे?
डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत. आजार उलटू शकतो. आपल्याच रायगडमधील कर्जतला मॅगसेसे विजेते (२०१८) डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. तिथेही भर औषधोपचारांवरच आहे. शंका असल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.