छतावर सोलर, तरी घरात अंधार? कोकणातल्या घरांनी आधी हे समजून घ्यावं

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतले विजेचे खांब आडवे झाले. अनेक गावांत लाइट यायला कित्येक आठवडे लागले. पंप बंद, म्हणून टाकीत पाणी नाही. मोबाइल बंद, म्हणून दुबई-कुवेतला असलेल्या मुलांना घरच्यांची खबर नाही. तेव्हापासून आपल्या मोहल्ल्यांत एकच बोललं जातं, 'सोलर बसवून टाकू.'

इरादा चांगला आहे. पण कोणतं सोलर, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. हे अनुदान महावितरणच्या लाइनला जोडलेल्या सोलरसाठी आहे. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज लाइनमध्ये जाते आणि बिलातून वजा होते. मुंबई-पुण्यात किंवा लाइट नियमित असलेल्या गावात हा सौदा फायद्याचा आहे.

मात्र लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. बाहेर कडक ऊन असलं तरी! हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या दिशेने आलेल्या विजेचा झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. म्हणजे वादळाच्या भीतीने सोलर घेतलं आणि बॅटरी घेतली नाही, तर वादळाच्या रात्री घरात अंधारच.

मग लाइन तोडून पूर्ण बॅटरीवर जायचं का? कोकणात आम्ही तो सल्ला देणार नाही. हिशोब करून पाहू. ९ वॉटचे पाच बल्ब पाच तास, ३० वॉटचे दोन बीएलडीसी पंखे आठ तास, शिवाय मोबाइल चार्जिंग. रात्रीचा खर्च साधारण ०.८ युनिट. १२ व्होल्ट, १५० एएचच्या साध्या बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण बॅटरी टिकवायची असेल तर निम्मेच वापरायचे. म्हणजे एक बॅटरी, जेमतेम एक रात्र. लिथियम बॅटरी महाग, पण तिच्यातली ८० टक्क्यांहून जास्त वीज वापरता येते आणि ती जास्त वर्षं चालते.

आता पॅनल. चांगल्या उन्हात १ किलोवॉटचं पॅनल दिवसाला सुमारे ४ युनिट देतं. आषाढातल्या काळोख्या दिवशी त्याचा चौथा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. नेमकी लाइट जास्त जाते ती याच दिवसांत. फ्रीज, बोअरचा पंप, गिझर हे सगळं पावसाळ्यात फक्त सोलरवर चालवायचं म्हटलं तर खर्च कित्येक पटीने वाढतो.

म्हणून मधला रस्ता बरा. लाइन ठेवावी, अनुदान घ्यावं, पण इन्व्हर्टर हायब्रिड घ्यावा आणि बल्ब, पंखे, मोबाइल एवढ्यापुरती बॅटरी जोडावी. पॅनल कौलांवर नको, स्लॅबवर पक्कं बांधावं. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकर गंजतं, त्यामुळे गॅल्वनाइज्ड सांगाडा आणि स्टेनलेसचे बोल्ट मागून घ्यावेत.

आपल्या घरांची एक खास अडचण आहे. अनेक ठिकाणी वीजबिल अजून मरहूम दादांच्या नावावर आहे. अनुदानाचा अर्ज बिलावरच्या ग्राहकाच्या नावाने होतो आणि पैसे बँक खात्यात येतात. नावं जुळली नाहीत की काम अडतं. वारसांची नोंद करून मीटरचं नाव बदलून घ्या. नोंद करताना बहिणींची नावं गाळू नका. त्यांचा हिस्सा शरीयतने दिला आहे, कायद्यानेही तो मिळतो.

दुसरी अडचण पैशाची. व्याजाच्या कर्जातून वाचण्यासाठी बरीच कुटुंबं सोलरचा विचारच सोडून देतात. अनुदान नंतर येतं, आधी रक्कम स्वतः भरावी लागते. इथे गावची जमात आणि परदेशातले कमावते भाऊ पुढे येऊ शकतात. अनुदान येईपर्यंत कर्ज-ए-हसना दिलं, तर तेच पैसे फिरून दुसऱ्या घराच्या कामी येतील.

आणि सगळ्या घरांना जमणार नसेल, तर निदान मस्जिदीत बॅटरीवालं सोलर बसवावं. वजूचं पाणी, दोन दिवे आणि मोबाइल चार्जिंगचे दहा-बारा पॉइंट एवढं जरी चालू राहिलं, तरी वादळात अख्ख्या गावाला आधार होईल. गावात राहणाऱ्या सगळ्यांना, कोणत्याही धर्माचे असोत, तिथे मोबाइल चार्ज करता यावा. सदका-ए-जारिया याहून वेगळं काय असतं?

पावसाळ्यानंतरचे कोरडे महिने या कामासाठी ठीक आहेत. जमातीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.