घरबसल्या नव्हे, घरात राबून

‘घरबसल्या कमवा’, ‘महिलांसाठी घरबसल्या उद्योग’, ‘घरबसल्या हुनर’. शिवणकाम आणि विणकाम करणाऱ्या बायकांच्या वाट्याला हा ‘घरबसल्या’ शब्द इतक्या वेळा येतो की आता तो कुणाला खटकत नाही. मला खटकतो. ज्या बाईबद्दल तो वापरला जातो, ती बसलेली नसते. ती पहाटे पाणी भरते, डबे करते, मुलांना शाळेत धाडते, सासूचं औषधपाणी बघते आणि मग मशीनपुढे वाकते. तिच्या या वाकण्याला आपण ‘बसणं’ म्हणतो. एकदा ‘बसणं’ म्हटलं की त्याचे पैसे कमी दिले तरी मनाला टोचत नाही. हा शब्द तिच्या कामाचा भाव आधीच पाडून ठेवतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचा मोहल्ला घ्या. खामगाव, मलकापूर, नांदुरा, चिखली, मेहकर. दुपारी गल्लीतून चालत गेलात तर दोन-चार घरांतून मशीनचा आवाज येतोच. ब्लाउज, पिको-फॉल, बुरख्याची शिलाई, शाळेचे गणवेश. ज्यांच्या हातात क्रोशाची सुई आहे त्या नमाजाच्या टोप्या, लग्नाच्या ताटांवरचे रुमाल, टेबलावरची जाळी, बाळाचं टोपडं आणि मोजे विणतात. अलीकडे काही मुली आपल्या पुढच्या खोलीला ‘स्टुडिओ’ म्हणू लागल्या आहेत आणि वस्तूंचे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवतात. त्यांना हसणारे आहेत. मला तो शब्द आवडतो. निदान त्या स्वतः तरी आपल्या कामाला काम म्हणतात.

हे चित्र एकट्या आमच्या जिल्ह्याचं नाही. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. आपल्याकडच्या सभा-संमेलनांत त्या अहवालातले इतर सगळे आकडे उगाळले जातात, हा मात्र क्वचित ऐकू येतो. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्वतःच्या घरातच काम करतात. सर्व समाजांचं मिळून हे प्रमाण ५१ टक्के होतं. म्हणजे घरातल्या कामाला भाव नसणं हा आपल्या समाजाच्या गरिबीचा एक मोठा भाग आहे. नोकऱ्यांत आपण किती, पोलिसांत किती, हे विचारायलाच हवं. पण आपल्या बहुसंख्य कमावत्या बायका जे काम करतात, त्याची मजुरी कोण ठरवतं, हा प्रश्न आपण एकमेकांनाही विचारत नाही.

शिवणकाम हलकं काम आहे म्हणून भाव नाही, असं म्हणावं तर तेही खरं नाही. संत नामदेव शिंपी होते. शिंप्याच्या धंद्याला या महाराष्ट्रात शेकडो वर्षांची प्रतिष्ठा आहे. आजही मेन रोडवर पुरुष मशीन मांडतो तेव्हा ते दुकान होतं. वर पाटी लागते, आत दरपत्रक टांगलं जातं. पॅन्टची शिलाई अमुक, शर्टची तमुक. तिथे कुणी ‘आपलाच तर आहेस’ म्हणून निम्मे पैसे देत नाही. त्याच दुकानाची तुरपाई आणि काज-बटण घरी त्याची बायको करते, तेव्हा तो ‘हातभार’ ठरतो. एकाच कपड्यावर दोघांची मेहनत असते. एकाचा धंदा होतो आणि दुसरीचा फावला वेळ.

तो फावला वेळही तपासून बघू. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८ मिनिटं. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून थोडं जास्त. शिवायला आणि विणायला ती जो वेळ काढते, तो हे सगळं उरकल्यावरचा. तो झोपेतून, विश्रांतीतून, कधी डोळ्यांच्या उजेडातून कापलेला असतो. फावला असता तर तिने तो पाय पसरून बसण्यात घालवला असता.

आता हिशेब. समजा, एक क्रोशाचा टेबलरुमाल विणायला २० तास लागले. धागा १२० रुपयांचा. रुमाल घासाघीस होऊन ४०० रुपयांना गेला. हातात उरले २८०, म्हणजे तासाला १४ रुपये. आठ तासांच्या दिवसाला ११२. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे साखळी, मुका खांब, खांब मोजत, एक घर चुकलं तर अख्खी ओळ उसवत जी बाई नक्षी उभी करते, तिला माती उचलण्याच्या सरकारी दराच्या जवळपास एक-तृतीयांश मिळतं. माती उचलणारीला कमी मिळावं असं मी म्हणत नाही. तिला निदान एक ठरलेला दर आहे. विणणारीला तोही नाही.

या जिल्ह्याच्या बाबतीत तर हे अधिकच बोचतं. खामगाव ही एके काळी वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ. कापूस नेण्यासाठी १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला. आजही आमच्या शेतातून कापूस बाहेर जातो आणि धाग्याची गुंडी होऊन परत येतो. लोकर लुधियानाहून येते. त्या गुंडीवर छापील किंमत असते. ती आणणाऱ्या ट्रकला भाडं असतं, दुकानदाराला नफा असतो. शेवटी ती गुंडी ज्या हातात पडते, फक्त त्या हाताची किंमत कुठेच छापलेली नसते. भाव पाडायचा झाला की सगळे तिथेच येतात.

आणि येणारे कोण? परके फार थोडे. बहुतेक आपणच. लग्नात मंडपवाल्याला, बँडवाल्याला आणि बिर्याणीच्या भटारखान्याला आपण तोंडातून शब्द न काढता पैसे मोजतो. ताटावरचे रुमाल विणणाऱ्या खालाला मात्र म्हणतो, ‘खाला, घरचंच काम आहे, लावून द्या.’ पैसे द्यायचे तेही ‘शादी निपटली की देतो’. मजुराची मजुरी घाम सुकण्याआधी द्यावी, ही हदीस आपल्याकडे मिंबरवरून कितीदा सांगितली जाते. ती फक्त गवंड्याला आणि हमालाला लागू आहे का? मशीनवर वाकलेल्या बाईला घाम येत नाही का? सूरह निसाच्या बत्तिसाव्या आयतीत स्त्रियांनी कमावलेल्यात त्यांचा हिस्सा असल्याचं स्पष्ट आहे. हजरत खदीजा व्यापार करत. हजरत झैनब बिन्त जहश कातडी कमावून, शिवून त्या कमाईतून दानधर्म करत. आपल्याकडे मुलींना या कथा सांगितल्या जातात त्या सबुरी शिकवण्यासाठी. त्यांत स्वतःच्या कमाईवर स्वतःचा हक्क असलेल्या बायका आहेत, हे सांगायचं राहून जातं.

सरकार आणि पुढारी यांचं बघू. मुस्लिम बाईसाठी काही करायचं म्हटलं की एकच गोष्ट सुचते, शिलाई मशीन वाटप. वाढदिवस असो, निवडणूक असो, बायकांच्या रांगेत मशीनला हार घालून फोटो निघतो. मशीन द्यायला हरकत नाही. पण एकाच गल्लीत आठ मशीनी दिल्या आणि काम एकाच घराला पुरेल एवढं असलं, तर आठ घरांत आपसांत भाव पाडण्याची शर्यत लागते. मशीन मिळाली, कामाची ऑर्डर कोण देणार? दर कोण ठरवणार? याचं उत्तर फोटोत नसतं.

केंद्राची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात १८ पारंपरिक धंदे आहेत, शिंप्याचाही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात, कमी व्याजाचं कर्ज मिळतं. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच. नवरा-बायको दोघेही कारागीर असले तर अर्ज कुणाच्या नावाने भरला जाईल, हे सांगायची गरज नाही. क्रोशा त्या १८ धंद्यांत नाहीच.

शाळेच्या गणवेशाचं उदाहरण तर ताजं आहे. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ आणला. कापड वरून येणार आणि शिलाई बचत गटांच्या बायका करणार. ऐकायला किती छान. स्काऊट-गाईडच्या गणवेशासाठी दर ठरला शिलाईचे १०० रुपये आणि इतर खर्चाचे १०. या दरात परवडत नाही, असं बायका सांगत राहिल्या. कापड उशिरा पोहोचलं, मापं चुकली, मुलं अर्धं वर्ष जुन्या कपड्यांत शाळेत गेली आणि वर्ष सरता सरता सरकारने निर्णय फिरवून गणवेश पुन्हा शाळा समित्यांकडे सोपवले. लोकांच्या लक्षात काय राहिलं? ‘बचत गटांना जमलं नाही.’ दर कुणी ठरवला होता, कापड कुणी उशिरा पाठवलं, हे विसरलं गेलं.

ही तऱ्हा नवी नाही. आंध्रातल्या नरसापूरला शेकडो गावांतल्या बायका दीडशेहून अधिक वर्षं क्रोशाची लेस विणत आल्या आहेत. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं ते असं: लेस परदेशात विकली जाते, व्यापारी श्रीमंत होतात आणि विणणाऱ्या बायकांना सगळे ‘गृहिणी’च म्हणतात, त्यांनी दिवसाचे सहा-आठ तास विणलं तरी. गृहिणी म्हटलं की मजूर म्हणावं लागत नाही. मजूर म्हटलं नाही की मजुरी ठरवावी लागत नाही. घरून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावं, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९९६ चा आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आता दोन आक्षेप. पहिला आपल्यातल्या शिकलेल्या मंडळींचा. ‘सुई-दोरा फेका, मुलींना शिकवा.’ मुली शिकल्याच पाहिजेत, त्यात वादच नाही. पण चाळिशीतल्या, दोन मुलांच्या आईला तुम्ही आज काय देणार आहात? तिच्या हातात जे कसब आहे त्याला तुच्छ लेखून तिची मजुरी एका पैशानेही वाढत नाही. उलट भाव पाडणाऱ्याला आणखी एक कारण मिळतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ‘दर वाढवले तर गिऱ्हाईक रेडीमेडकडे जाईल.’ साध्या शिलाईत हे बऱ्याच अंशी खरं आहे. कारखान्याच्या फ्रॉकशी किमतीत टक्कर देता येत नाही, द्यायलाही जाऊ नये. मापाचं, दुरुस्तीचं, अंगाबरोबर बसणारं काम, जे कारखाना करत नाही, त्यातच आपली ताकद आहे. क्रोशाची गोष्ट तर अगदीच वेगळी. लोकर विणायची यंत्रं आहेत, जाळीचं कापड काढणारी आहेत. खरा क्रोशा कारखान्यात काढणारं यंत्र बाजारात नाही. जगात जिथे जिथे खरा क्रोशा विकला जातो, तो कुणाच्या तरी हाताने विणलेला असतो. बांगलादेशात बोगुरा भागातल्या खेड्यांतल्या बायका जाळीच्या टोप्या विणतात आणि त्या आखाती देशांत जातात. ज्या वस्तूला हाताशिवाय पर्याय नाही, तिचा हात सगळ्यात स्वस्त का? तो एकटा आहे म्हणून. प्रत्येक बाई आपल्या उंबरठ्यावर एकटी सौदा करते आणि घेणारा दहा उंबरठे फिरून आलेला असतो.

म्हणून उपायही एकटीचा नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. तिथल्या बायकाही पीठ घेऊन घरीच लाटतात. म्हणजे घरात काम करणं हा दोष नाही. फरक एवढाच की लाटणीचा दर ठरलेला आहे आणि लाटणारी त्या संस्थेची मालकीण आहे. पापड पोळपाटावर लाटला म्हणून तो फुकट होत नाही, तर रुमाल पलंगावर बसून विणला म्हणून का व्हावा?

आपल्या मोहल्ल्यांत एवढं तर करता येईल. दहा-पंधरा जणींनी मिळून एक दरपत्रक करावं, वेळ मोजून, आणि ते भिंतीवर लावावं. धागा एकत्र, ठोकात घ्यावा. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत, ती बाईच्या नावाने करावी. पैसे तिच्या खात्यात यावेत, मुलाच्या फोनवर नव्हे. जमातीने मशीन वाटण्याआधी काम वाटावं. मशिदीच्या दारात विकल्या जाणाऱ्या टोप्यांपैकी काही याच गावच्या हातच्या असाव्यात आणि ठरल्या दराने घेतलेल्या असाव्यात. जकातीपेक्षा ही मदत मोठी आहे, कारण ती मदत नाही, मोबदला आहे.

सिंदखेडराजात जिजाऊंचा जन्म झाला म्हणून आमच्या जिल्ह्याला ‘मातृतीर्थ’ म्हणतात. आम्ही मुसलमानही ते नाव अभिमानाने घेतो. मग त्या नावाला शोभेल असा हिशेबही ठेवू या. पुढच्या वेळी शिवायला टाकलेला कपडा आणायला जाल, तेव्हा ठरलेले पैसे पूर्ण द्या, त्याच दिवशी द्या आणि ज्या बाईने शिवलं तिच्याच हातात द्या.