पाऊस पडायच्या आधी औषध मोजा



लोकसभेचं मतदान ७ मे २०२४ ला उरकलं. ४ जूनला निकाल लागला. त्यानंतर त्याच साली विधानसभेची धामधूमही झाली. उमेदवार वाडीवर आले, रस्त्याचं बोलले, समाजमंदिराचं बोलले, नळाचं बोलले. सापाच्या इंजेक्शनचं कोणी बोललं नाही. आणि खरं सांगायचं तर आपणही विचारलं नाही.

मिरग तोंडावर आला आहे. राब भाजून झाले, बांधबंदिस्ती चालू आहे. थोड्या दिवसांत आपली माणसं सकाळपासून अंधार पडेपर्यंत चिखलात असतील. फुरसं, घोणस, मण्यार, नाग ही चारही जनावरं तेव्हा बाहेर असतात. म्हणून या अंकात जमिनीच्या दाव्यांसोबत औषधाचा विषय घेतला आहे. काही साथी म्हणतील, आधी जमीन, दवाखाना मग बघू. त्यांच्यासाठी २०२२ मधली माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

२०२२ चा जून आठवा. २० तारखेला विधान परिषदेचा निकाल लागला आणि त्याच रात्री आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. आपल्या महाड-पोलादपूरचे आमदारही त्यांच्यात होते. २९ ला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, ३० ला नवे मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांचा शपथविधी झाला. पुढे ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, सगळं राज्य दोनच मंत्र्यांवर चाललं. आरोग्य खात्याला वेगळा मंत्री नव्हता. टीव्हीवर रात्रंदिवस कोण कोणाकडे गेला हेच चालू होतं.

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी लावणी करताना माझ्या चुलत भावाच्या बायकोला फुरसं चावलं. १०८ ला फोन लावायला वाडीत रेंज नव्हती. डोली करून तिला रस्त्यापर्यंत आणलं, मिनीडोर करून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली सिस्टर भली बाई. तिने कपाट उघडून दाखवलं. दोन व्हायल होत्या. "दादा, हिला सुरुवातीलाच आठ-दहा लागतील, मागणी पाठवलीय, वरून आलं नाही," एवढंच ती म्हणाली. मग पुढे खासगीत. वहिनी वाचली. पण पैसे कुठले? भावाने वीटभट्टीच्या मुकादमाकडून पंचवीस हजार उचल घेतली. दसरा झाल्यावर दोघं पोरांसकट भट्टीवर गेली. माघात त्याच्या वनहक्काच्या दाव्याची पाहणी लागली, तेव्हा शेतावर कोणी नव्हतं. कागदावर शेरा आला, दावेदार गैरहजर. तो दावा आजही लटकलेला आहे.

आता सांगा, हा प्रश्न दवाखान्याचा की जमिनीचा? कपाटात आठ व्हायल कमी होत्या म्हणून उचल घ्यावी लागली, उचल घेतली म्हणून गाव सोडावं लागलं, आणि गाव सोडलं म्हणून आजा-पणजापासून कसलेल्या दळीवर आपला माणूस उभा नव्हता. आपली कित्येक घरं अशीच भट्टीवर गेली आहेत. प्रत्येक घराची उचल विचारा, निम्म्या ठिकाणी आजारपण निघेल.

सिस्टरला शिव्या देऊन उपयोग नाही. औषध तिच्या हातात नाही. मागणी खालून वर जाते, खरेदी वर होते, आणि वरची घडीच दर थोड्या वर्षांनी बदलते. २०१७ मध्ये सरकारने औषध खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे दिली. २०२३ मध्ये ती काढून नव्या प्राधिकरणासाठी कायदा केला. त्याच साली ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात लहान लेकरं होती. प्रशासनाने सांगितलं, औषधं कमी नव्हती. नातेवाईक सांगत होते, औषधं बाहेरून आणायला लावली. खरं काय ते ठरवायला नातेवाइकांच्या हातात एकच गोष्ट हवी होती, त्या दिवशीच्या साठ्याचा आकडा. आपल्यालाही नेमकं हेच शिकायचं आहे.

२०२४ चंही बघा. १६ मार्चला आचारसंहिता लागली आणि १८ मार्चला केंद्राने राज्यांना कळवलं की टीबीच्या गोळ्यांचा पुरवठा लांबणार आहे, तीन महिन्यांपुरती खरेदी तुम्हीच करा, आणि ते जमलं नाही तर रुग्णाने विकत घेतलेल्या गोळ्यांचे पैसे त्याला परत द्या. हे आपल्या किती वाड्यांना कळलं? टीबीची गोळी सहा महिने चालते, दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. मध्ये खाडा पडला तर जंतू मुरतो, मग साधी गोळी लागू पडत नाही. आपली भट्टीवरची माणसं आत्ताच परतली आहेत. त्यातले कोण गोळ्या घेत होते, कोणाच्या संपल्या, हे विचारायची वेळ आजची आहे.

आणि हे सगळं महाडात घडावं याची जास्त लाज वाटते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली इथे बिरवाडीच्या दवाखान्यात आले. तेव्हा तांबडा विंचू चावला की धडधाकट माणूस रातोरात जायचा. छातीत पाणी भरायचं, हृदय दमायचं. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपणं केली आणि प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी, स्वस्त, तोंडाने घ्यायची गोळी विंचवावर चालते हे दाखवलं. आधी अशा रुग्णांपैकी शंभरात तीसेक दगावायचे, ते प्रमाण एक-दोनावर आलं. लंडनच्या 'लॅन्सेट'ने ते छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जगाला महाडने दिलेली ही गोळी महाड-पोलादपूरच्या प्रत्येक दवाखान्यात आहे का, हे आपण जाऊन बघितलं पाहिजे.

आपली चूकही मान्य करू. साप चावला की आपण आधी भगताकडे पळतो आणि दवाखान्यात उशिरा पोचतो. पण दवाखान्यात जाऊन रिकाम्या हाताने परत आलेला माणूस पुढच्या वेळी भगताकडेच जाणार. भगत निदान घरी असतो. लोकांना दवाखान्याकडे वळवायचं तर कपाट भरलेलं पाहिजे.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका शेतमजुराच्या खटल्यात निकाल दिला. पश्चिम बंग खेत मजदूर समितीने ही केस लढवली होती. तो माणूस रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला, एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. न्यायालय म्हणालं, वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसे नाहीत हे कारण सरकारला सांगता येणार नाही. त्याला २५ हजार भरपाई मिळाली. ही लढाई आपल्यासारख्याच मजुरांच्या संघटनेने जिंकली आहे. मंत्रिमंडळ असो नसो, आचारसंहिता असो नसो, हा हक्क सुट्टीवर जात नाही.

पण हक्क नुसता कागदावर असून भागत नाही. चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने आधीच केला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन पाण्यापर्यंत चालत जावं लागलं.

रायगड पेसात येत नाही, तरी ग्रामसभा आपली आहे. तेव्हा येत्या पंधरा दिवसांत एवढं करायचं:

१. दर वाडीतून दोघं, त्यात एक बाई, आशाताईंना सोबत घेऊन आपल्या दवाखान्यात जा. सापाच्या इंजेक्शनच्या व्हायल किती, मुदत कधी संपते, प्राझोसिन आहे का, टीबीच्या, फेफऱ्याच्या, शुगर-बीपीच्या गोळ्या किती दिवस पुरतील, हे विचारा.

२. उत्तर दाव्यांच्या वहीतच लिहा, तारखेसह. दोन व्हायल असतील तर 'आहे' असं लिहू नका, 'दोन' लिहा.

३. कमी असेल तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करा, असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज आपण दिलाच नाही असं होतं, हे दाव्यांच्या वेळी शिकलो आहोत.

४. अर्जाची एक प्रत ग्रामसभेत वाचा, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, एक संघटनेच्या कचेरीत आणा. सगळ्या वाड्यांचे आकडे पुढच्या अंकात छापू.

पुढे जो कोणी मत मागायला येईल त्याच्यापुढे हीच वही उघडायची आहे. तो कुठल्या पक्षाचा, कुठल्या गटाचा, हे नंतर बघू. पण त्याच्या आधी मिरग येणार आहे. वहिनी यंदाही लावणीला चिखलात उतरणार आहे. तिच्या दवाखान्यातलं कपाट बघायला मी स्वतः सोमवारी जातो आहे. तुम्ही कधी जाता ते कळवा.

जिंदाबाद!

– एक कार्यकर्ता, महाड-पोलादपूर